डिस्कला कान लावणारे वामनकाका

दुकानात हार्ड डिस्क घेताना ती आधी चालू करून कानाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या बरकतपुऱ्यातल्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे वामनकाका. डोळे मिटून, श्वास रोखून ते ऐकत राहतात. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "चच्चा, डिस्क लेरैं की तरबूज?" काका शांतपणे म्हणाले, "तरबूज बिगड्या तो दूसरा मिल जाता मियाँ, फोटू नै मिलते." आणि त्यांनी तिसरी डिस्क मागितली.

काकांची सगळी नोकरी पंख्यांच्या कारखान्यात बेअरिंगचा आवाज तपासण्यात गेली. त्यामुळे घरघर आणि खरखर यांतला फरक आपल्याला कळतो, असा त्यांचा दावा आहे. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. "भरोसा नक्को, नक्कल होना," म्हणजे भरवसा नको, दुसरी प्रत हवी, हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणाच्या बारशाला गेले, तरी पेढा तोंडात टाकण्याआधी विचारणार, "शूटिंगची नक्कल कुठं ठेवली?" खंडेनवमीला लोक हत्यारं आणि गाड्या पुजतात, काका पाटावर डिस्क मांडतात. हळदकुंकू मात्र खोक्याला, कारण "पूड आत गेली की देवही वाचवत नसतो." मग एकेक जोडून, फाइल उघडून तपासणी.

माझी आई गेली तेव्हा तिचं हलतं-बोलतं असं एकच चित्रण उरलं होतं. संक्रांतीनंतर तिनं आमच्या घरी केलेलं हळदीकुंकू. ते जपायला मी मोठ्या हुशारीनं एकाच खोक्यात येणाऱ्या दोन डिस्क मागवल्या. काकांनी कपाळाला हात लावला.

"काय करायलीस बाई? एकाच खेपेच्या जुळ्या आहेत या. एक गेली की दुसरी मागं राहत नसते. दुसरी दुसऱ्या दुकानातून घ्यावी. आणि एक नक्कल घराबाहेर होना!"

त्यांनी हट्टानं स्वतःच्या एका डिस्कवर नक्कल काढून नेली आणि स्वतःच्या घरी स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवली. त्यांची पाठ वळल्यावर मी भरपूर हसले.

मागच्या महिन्यात एक डिस्क टकटक करत बंद पडली. चारच दिवसांनी दुसरी. दुरुस्तीवाल्यानं नकारार्थी मान हलवली. तशीच जिना उतरून काकांकडे गेले आणि दारातच रडू लागले. "सांगितलं नव्हतं का?" एवढं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी म्हटलं नाही. स्टीलचा डबा उघडून डिस्क संगणकाला जोडली.

व्हिडिओ मधूनच सुरू झाला, मागच्या वेळी कुणीतरी थांबवला होता तिथून. आईचा खणखणीत आवाज आला, "वहिनी, नाव घेतल्याशिवाय वाण मिळणार नाही!" मी पडद्याजवळ सरकले. पडद्यावर खिडकीपाशी वामनकाकांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनाही जाऊन आता पाच वर्षं झाली. नुमाइशीला, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या प्रदर्शनाला, नुकत्याच जाऊन आलेल्या त्या लाजत म्हणाल्या, "नुमाइशीत फिरून फिरून पाय गेले थकून, वामनरावांचं नाव घेते तुमचा मान राखून." बायका खो-खो हसल्या.

काकांनी घाईघाईनं माउस पकडला. "पहिल्यापासून लावतो. तुझी आई पहिल्यापासून आहे."

"काका, हे तुम्ही नेहमी पाहता?"

"तपासावं लागतं की." मग माउस सोडून म्हणाले, "तुझ्या काकूचं सगळं होतं माझ्याकडं. दोन डिस्कवर. एकाच खोक्यातल्या. आठवड्यात दोन्ही गेल्या. जन्मभर मला 'अहो' म्हणायची. नाव एवढं एकदाच राहिलंय, तेही तुझ्या आईनं अडवून धरलं म्हणून."

मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "तू कशाला? तुझ्या आईचे आभार मानायचे माझेच राहून गेले."

त्यांनी पहिल्यापासून लावलं. आई दारात उभी राहून एकेकीला आत बोलावू लागली. मी पोटभर पाहिलं. काकूंची नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मी आवाज वाढवला.