मास्तराकडं पाठ करा

नाना मास्तरांवर अन्याय झाला. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, दुसऱ्या तासाला, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, तीस पोरांच्या देखत. 'देखत' हा शब्द मात्र चुकला. पोरांनी काहीच पाहिलं नाही. ती सगळी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

नानांच्या वर्गात तसंच बसायचं. "धडा पाठ करू नका, मास्तराकडं पाठ करा," हे त्यांचं पालुपद. उंब्रजच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. मास्तराचं तोंड बघून जे कळतं ते इंग्रजी नव्हेच, असं त्यांचं ठाम मत. पोरांच्या मागं उभं राहून ते एखादा शब्द टाकत. 'शिप' ऐकलं तर चिंचोका डाव्या हाताला ठेवायचा, 'शीप' ऐकलं तर उजव्या. एक जहाज, दुसरं मेंढरू. चुकला त्याला छडी नाही. नाना नुसते त्याच्या कानाशी वाकून म्हणत, "मेंढरं दर्यात सोडलीस. काढ आता भाईर."

कान तयार झाले की ते स्वतःचा आवाज बिघडवायला लागत. कधी गालात सुपारी धरून बोलत, कधी घागरीत तोंड घालून. एकदा तर अख्खा वर्ग पिठाच्या गिरणीत नेला. इंजिन धडधडतंय, पट्टा फिरतोय आणि हे गिऱ्हाइकांच्या रांगेमागून इंग्रजी ओरडताहेत. गिरणीवाल्या बाबूभाईनं हात जोडले. "मास्तर, जोंधळं दळायचं का विंग्रजी?"

"दोनी दळ," नाना म्हणाले. "सायब काय कानाशी येऊन बोलणार हाय?"

बाजाराच्या दिवशी तर कहरच झाला. नाना वांग्यांच्या ढिगामागून 'सिट डाऊन!' म्हणून गरजले आणि बाजारभर पांगलेली पोरं जिथल्या तिथं बसली. एक मिरच्यांच्या पोत्यावर, एक शेणात. त्यांच्याबरोबर म्हातारी सखूआत्याही मटकन बसली.

"आत्या, तुमी कशाला बसला?" भाजीवाल्यानं विचारलं.

"मला वाटलं पोलिस आलं, बाबा."

हसा. मीही हसलो. पण मी हसण्यावर थांबलो नाही. लढाई चालू होती, आम्ही गावोगाव सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटत होतो, आणि त्यातलं एक मी खास नानांवर लिहिलं. 'गोऱ्यांचा पोपट' हे त्याचं शीर्षक. हुकूम ऐकून खाली बसणारी पिढी घडवणारा मास्तर, वगैरे वगैरे. भाषा झणझणीत होती, माहिती कवडीची नव्हती. नानांनी ते वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मला परत दिलं.

आता त्या सोमवारचं सांगतो. तपासणीला आलेले साहेब आपल्यातलेच, गोरी होती ती फक्त टोपी. त्यांनी वर्गात पाऊल टाकलं तर समोर तीस पाठी. ते इंग्रजीत कडाडले, ही पोरं अशी का बसलीत? 'व्हाय? व्हाय?'

'व्हाय' कानावर आलं की 'बिकॉज' म्हणून कारण सांगायचंच, हा नानांचा सगळ्यात कडक सराव. तिसऱ्या ओळीतला शंकर उभा राहिला आणि भिंतीकडे बघतच चोख इंग्रजीत उत्तरला: कारण, सर, तुमच्या तोंडाची इथे गरज नाही.

व्याकरणाची एक चूक नव्हती. शेऱ्यात लिहिलं गेलं: बेशिस्त, उद्धटपणा, सरकारी अधिकाऱ्याचा अपमान. त्याच आठवड्यात शाळा समितीनं नानांना कामावरून काढलं. कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून अध्यक्षांनी खिशातून माझं पत्रक काढून वाचून दाखवलं. सरकारचा अपमान केला हा एक आरोप, सरकारचा पोपट आहे हा दुसरा, आणि दोन्ही एकाच ठरावात! हात वर करताना एकालाही लाज वाटली नाही.

मी अर्ज लिहायचा म्हणून नानांच्या घरी गेलो. अंगणातूनच हाक मारली, "नाना, घरात हायसा व्हय?"

आत भांडं पडलं. नाना धावत बाहेर आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "ह्या घरात त्यो शब्द बोलायचा न्हाई रं."

सोप्यात त्यांचा धाकटा भाऊ सोपान होता. फौजेतून परत आलाय, फारसा बोलत नाही, एवढंच गावाला ठाऊक. माझ्या हाकेनं तो जेवणावरून उठून ताठ उभा राहिला होता, हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून. पायाशी आमटी सांडली होती. नानांनी त्याला खांद्याला धरून हळूहळू खाली बसवलं, आमटी पुसली, दुसरी वाढली. मग मला परड्यात नेलं.

लढाईच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. सोपान पहाऱ्यावर होता. जोडीचा शिपाई चक्कर येऊन पडला, त्याला पाणी पाजायला हा जागा सोडून गेला. चौकशीच्या दिवशी दुभाषाचं काम करणारा सुभेदार रजेवर. साहेबानं विचारलं, 'व्हाय?' सोपानला वाटलं, साहेब विचारतोय, खरं व्हय? खोटं बोलणं त्याला ठाऊक नाही. तो म्हणाला, "व्हय." साहेबाला वाटलं, हा उलट मलाच 'का' म्हणून विचारतोय. पुन्हा 'व्हाय?' पुन्हा "व्हय, साब." असं तीनदा. मग लष्करी तुरुंग, आणि तिथून घरी.

"कारण हुतं की त्याच्याजवळ," नाना म्हणाले. "समदं विंग्रजीचं पुस्तक तोंडपाठ हुतं. मीच घोकून घितलं. छडी मारून घितलं रं. कानाला कवा कायच दिलं न्हाई."

मी कागद काढला. स्वतःच्या बाजूनं एक ओळसुद्धा त्यांनी लिहू दिली नाही. "माझं ऱ्हाऊ दे. शंकर उद्या ममईला जाईल, गोदीत लागंल. तितंबी कुनीतरी सायब असंल. एवढं लिव्ह."

अर्जात एवढंच लिहिलं. हे पत्रक मात्र तुमच्यासाठी. आता तुमचं काम. येत्या शनिवारी सकाळी समिती शाळेत बसते आहे. हात वर करणाऱ्यांत दोघे तुमच्या भावकीतले आहेत, एक तुमच्या तालमीतला. आज त्यांच्या घरी जा आणि शनिवारी स्वतः या. हळहळायला येणार असाल तर येऊ नका. ठराव रद्द झाल्याशिवाय पटांगणातून उठायचं नाही, अशी तयारी असेल तर या.