जड नावाचा अर्ज

जावा बेटावरच्या ब्लितारच्या बू, म्हणजे बाई, लास्मिना यांनी आपल्या सांबलच्या नावाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला, त्या दिवशी अर्जाची प्रकृती उत्तम होती. जोडपत्रे धडधाकट होती, तिकीट सरळ चिकटले होते आणि पावतीवरचा क्रमांक चष्म्याशिवाय वाचता येत होता. पुढे जे घडले त्याला जन्मजात खोट कारणीभूत नव्हती, हे आधीच नमूद केलेले बरे.

हा सांबल म्हणजे शेंगदाणे, मिरची, गूळ आणि लिंबाची पाने कुटून केलेली वडी. गरम पाण्यात कालवायची आणि उकडलेल्या भाजीवर ओतायची. अकरा वर्षे बू लास्मिना ती विकत होत्या. नाव ठेवले होते यजमानांनी. पाक, म्हणजे श्रीयुत, सुजोनो हे निवृत्त शिक्षक, त्यामुळे शेंगदाण्याच्या वडीचे नाव ‘अग्नि बुवाना जयानिंग्रात’ असे पडले. ते पाकिटावर मावेना, म्हणून पाकीट मोठे केले. गिऱ्हाईक मात्र नावावर भाळले.

ते पाहून शेजारच्या गावच्या पाक दार्मुजींनीही त्याच नावाचे पाकीट बाजारात आणले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आत शेंगदाणे बेताचे आणि रताळेच फार. बू लास्मिनांच्या पाठोपाठ चार दिवसांनी त्यांनी ट्रेडमार्कसाठी अर्जही टाकला. नियम असा, की पहिला अर्ज पार पडला तर दुसरा बाद, आणि पहिला मेला तर नाव दुसऱ्याला. तेव्हा आपला अर्ज जगवणे बू लास्मिनांना भाग होते.

रोज पहाटेचा नमाज झाला की त्या फोनवर क्रमांक घालून अर्जाची स्थिती पाहत. स्थिती असे, ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’. चौदा महिने हीच स्थिती वाचल्यावर त्या बस पकडून प्रांताच्या कचेरीत गेल्या. खिडकीत साबर नावाचे तरुण कारकून बसले होते; तरुणांना इकडे मास, म्हणजे दादा, म्हणतात.

“अजून नाही, बू,” ते हसून म्हणाले. इकडे कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. नव्वदीच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झाले का विचारले, तरी तो ‘अजून नाही’ म्हणतो.

“पण मास, घोडं पेंड कुठं खातंय ते तरी सांगाल?”

मास साबरांनी पडद्यावर पाहिले. “तुम्ही रोज चौकशी करता?”

“रोज. रविवारी दोनदा.”

“तरीच. चौकशी आली की फाइल तपासनिसांच्या टेबलावरून चौकशीच्या टेबलावर येते. तिथं नोंद होते, की फाइल तपासनिसांकडे आहे. मग ती परत निघते. वाटेत असते तोवर तुमची पुढची चौकशी येते.”

“म्हणजे चौदा महिन्यांत ती तपासनिसांनी पाहिलीच नाही?”

“पाहिली असेल ना. जाता-येता.”

बू लास्मिना घरी आल्या आणि त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. एकसष्टाव्या दिवशी मात्र राहवेना. स्थिती बदलली होती: ‘साठ दिवसांत चौकशी न आल्याने अर्जदारास अर्जात स्वारस्य उरलेले नाही असे समजण्यात येत आहे. हरकत असल्यास चौकशी करावी.’ त्यांनी घाबरून तीनदा चौकशी केली. फाइल पुन्हा प्रवासाला निघाली.

त्या दिवशी त्यांना चुलीपुढे रडू कोसळले. अकरा वर्षे हातांची आग करून घेतली ती दार्मुजीच्या रताळ्यांसाठी का, असे त्या म्हणाल्या. सासूबाई, ज्यांना सारी गल्ली म्बाह म्हणजे आजी म्हणते, पान चघळत ऐकत होत्या.

“किती दिवस अंथरुणावर आहे म्हणालीस?”

“सोळा महिने, म्बाह. पण तो अर्ज आहे.”

“असू दे. नाव पेलत नाहीये त्याला. जड झालंय. तुझ्या नवऱ्याचं काय झालं होतं? आधी अर्जुनो ठेवलं, तर उठताबसता ताप. सुजोनो ठेवलं आणि आता बघ कसा जेवतोय.”

पाक सुजोनोंनी आणखी भात घेतला.

दुखण्याचे निदान एवढे उघड होते की ते आधी कुणाला सुचले नाही याचीच गल्लीला लाज वाटली. शुक्रवारी केळीच्या पानावर लाल-पांढरी खीर मांडली, शेजारी बोलावले आणि अर्जाच्या झेरॉक्सचे रीतसर दुसरे बारसे झाले. नवे नाव वारास, म्हणजे ठणठणीत. पस्तीस दिवस त्याची कुणी विचारपूस करायची नाही, नाहीतर दुखणे उलटते, असे म्बाहने बजावले.

बू लास्मिनांनी भीतभीत कचेरीत हे सांगितले, तेव्हा मास साबर खुर्चीतून उठून उभे राहिले.

“तेवढंच राहून गेलं होतं बघा. माझं नाव आधी चक्रनिंग्रात होतं. पाच वर्षं खाटेवर होतो. साबर ठेवलं आणि पळायला लागलो.” मग ते खाली बसले. “पण आमच्याकडे बारशाचा रकाना नाही. नवा अर्ज करा आणि जुना मागं घ्या. एका सांबलला दोन नावं चालत नाहीत.”

“मग जुनं नाव दार्मुजी घेईल.”

“घेऊ दे की,” सोबत आलेल्या म्बाह म्हणाल्या. “एवढं जड नाव! दोन महिन्यांत तोच खाट धरतो का नाही बघ.”

सही करण्याआधी बू लास्मिनांनी जुने नाव एकदा शेवटपर्यंत वाचले. नाव कितीही लांबलचक असले तरी ते त्यांचे होते. पण आजाऱ्यापुढे हौस चालत नाही, म्हणून त्यांनी सही केली.

पस्तीस दिवस कुणी चौकशी केली नाही. फाइलला जायला जागाच उरली नाही, म्हणून ती तपासनिसांच्या कोपराखाली पडून राहिली. तेहेतिसाव्या दिवशी कोपर दुखू लागले तेव्हा त्यांनी ती वाचली आणि मंजूर केली. वारास दणक्यात नोंदला गेला.

बातमी प्रांतभर झाली. महिन्याभरात लोक खिरीची भांडी घेऊन रांगेत उभे राहू लागले. कचेरीने ‘खीर फक्त दोन नंबरच्या खिडकीवर’ अशी पाटी लावली आणि अर्जात ‘पूर्वीच्या नावाचे वजन’ हा रकाना वाढवला.

दार्मुजी मात्र खाट धरेनात. त्यांनी अर्ज टाकल्यापासून एकदाही चौकशी केली नव्हती. अधूनमधून कचेरीचे पत्र येई, तेवढ्यावर ‘स्वारस्य आहे’ अशी सही करून ते पाठवून देत. ‘अग्नि बुवाना जयानिंग्रात’ बिनबोभाट त्यांच्या नावावर झाले.

बाजारच्या दिवशी बू लास्मिनांनी प्रमाणपत्र चौकटीत टांगले आणि वारासची पाकिटे मांडली. सांबल तोच, हात तेच. पहिल्याच आल्या बू एंदांग, पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी चव घेतली.

“चांगला आहे हो. पण अग्नि बुवानाची सर नाही.”

“अहो, हाच तो. मीच करते की!”

“असेल. पण जिभेला कळतं ना, बू.” आणि त्या पुढच्या दुकानातून दार्मुजींचे पाकीट घेऊन गेल्या.

संध्याकाळी बू लास्मिनांनी दार्मुजींचे एक पाकीट विकत आणले, आतली रताळी कोंबड्यांना घातली, त्यात आपला सांबल भरला आणि बू एंदांगच्या घरी जाऊन त्यांना चाखायला दिला. बू एंदांगनी डोळे मिटले. “हा बघा,” त्या म्हणाल्या, “ह्याला म्हणतात सांबल.”

हे ऐकून बू लास्मिनांना इतके हसू आले की त्या तिथेच पायरीवर बसल्या. वाचकांपैकी ज्यांनाही हसू आले असेल, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचे पाकीट दुसऱ्याच्या हाती द्यावे, डोळे मिटावेत, आणि आपण गेली वीस वर्षे काय खातो ते चिमूटभर चाखून सांगावे.