हिमुरो कुळीचा द्वेषशाप आणि भात कुटण्याची मोहीम

डोंगरदेवाचे पायीं मस्तक ठेवून, कागेतानी खोऱ्यांतील कदीम निंजा घराणें हिमुरो, पेशा चोरपावलांचे हेरगिरीचा, त्याची थोरली पाती, तिची धनीण तोराए, उमर बहुत, गुडघे नादुरुस्त, अक्षर कोंबडीचे पायांसारिखें, ती खासा हातें लिहिते ऐसीजे: आमचे धाकटे बंधू साकिची, धाकटे पातीचे मालक, यांचें वर्तन निखालस बेअदबीचें. रोज सकाळीं आमचे बांधावरून जातात, आणि आमचे शेतांतील बुजगावण्यास कमरेंत वाकून मुजरा करितात, आणि आम्ही शेजारींच मुळे उपटीत असतां आम्हांकडे ढुंकून पाहत नाहींत. बुजगावण्याचे अंगीं आमचे मरहूम यजमानांचा सदरा आहे, सबब मुजरा त्यांस, ऐसा बहाणा.

याचें मूळ फार मागें. आमचे मूळपुरुष दोघां पुत्रांसह शत्रूचे किल्ल्यांत तक्तपोशीवर माळ्यांत दडले होते, आणि थोरल्यास शिंक आली, आणि धाकटा "जपून" म्हणाला, आणि पहारा जागा जाहला, आणि मग तिघेही खंदकांत उड्या टाकून चिखलानें माखून घरीं आले. दगा शिंकेनें केला कीं शब्दानें केला, हा वाद पुत्रांनीं बापाचे मरणशय्येपाशीं मांडिला. बापानें त्रासून शाप दिला कीं या कुळांत पहिलें आणि दुसरें अपत्य पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचा द्वेष करितील. आणि भात कुटण्याचें उखळ थोरल्यास, त्याचा लाकडी घण धाकट्यास, ऐसी वांटणी करून प्राण सोडिला. मग द्वेष आमचे घरीं वतनासारिखा चालत आला, आणि आम्हीं तो मन लावून चालविला. बाकी विद्या बुडाल्या. भिंतीवर आम्ही अद्याप चढतों, परंतु उतरविण्यास शेजाऱ्यांस शिडी आणावी लागते. एक बाणा मात्र दोन्ही पातींनीं राखिला, कीं काम करितां तोंडांतून आवाज काढावयाचा नाहीं.

ऐशांत आमची नात मिझुहो, मुक्काम ओसाका, तिची कन्या चिनात्सु वर्षाची होऊं आली. आमचेकडे रिवाज ऐसा, कीं वर्षाचे बाळाचे पाठीस कुटलेल्या चिकट भाताचा थोर गोळा बांधून त्यास चालवावें, मग तें जन्मभर अन्नास मोताद होत नाहीं. गोळा दुकानांतून आणावा, ऐसी तजवीज आम्हीं केली. तों नातीनें फोनावरून फर्मान सोडिलें:

"आजी, दुकानातला गोळा मला इथंही मिळतो. तू आणि साकिची आजोबांनी मिळून कुटायचा. माझ्या पोटात दुसरं आहे, ठाऊक आहे ना? तुमचा तो शाप माझ्या पोरांना नको. तुम्हाला एक भात एकत्र कुटता येत नसेल, तर मी पोरांना त्या घरात पुन्हा आणणार नाही."

"अगं, पण तो बघ ना कसा..."

"तो कसा ते मला नको सांगू. त्याला सांग."

हें ऐकतांच आमचा जीव थोडा थोडा जाहला. पणतीचें दर्शन बंद होणें म्हणजे दौलत बुडाली. मग आम्हीं खलबत केलें, एकटींनींच, आणि शत्रूचे गोटाची टेहळणी करावी म्हणोन धाकटे पातीचे कांद्याचे वाफ्यांत दबा धरिला. तेथें आमचा गुडघा कटकन वाजला. आंतून बंधूंनीं आपले कुत्र्यास पुसिलें:

"काय रे, बाहेर मांजर आलंय का? म्हातारं दिसतंय. कुरकुरतंय."

आम्हींही कुत्र्याशींच बोलणें लाविलें. "तुझ्या धन्याला सांग, रविवारी सकाळी घण घेऊन ये म्हणावं. चिनात्सुसाठी."

"म्हणावं, येतो. तिच्यासाठी येतो. मांजरासाठी नाही."

रविवारीं उखळ अंगणांत मांडिलें, आणि वाफाळला भात त्यांत ओतिला, आणि बंधूंनीं घण उचलिला, आणि आम्हीं ओल्या हातें दोन घावांचे मधें भात उलटावा, ऐसा बेत ठरला. इतर खोरेकरी ताल राहावा म्हणोन मोठ्यानें आरोळ्या देतात. आमचे कुळांत आरोळी म्हणजे बेइज्जत. सबब दोन्ही फौजा मुक्या उभ्या. पहिले घावास आमचा हात उखळांतच होता, तो आम्हीं बाणासारिखा मागें घेतला. मग आम्ही घावाची वाट पाहूं लागलों आणि बंधू आमचे हाताची. मग दोघांनींही एकदम मानेनेंच हुकूम सोडिला, आणि घण कडेवर आदळून उखळाची ढलपी भातांत पडली. ढलपी काढितां काढितां वाफ विरूं लागली. निवाला म्हणजे भात गोळा धरीत नाहीं, हें दोन्ही पक्षांस ठाऊक. परंतु पहिला आवाज कोणीं काढावा? ओसाकाहून आलेल्या मिझुहोनें ओट्यावर बाळाचें दुपटें घडी करून पिशवींत घातलें.

तें पाहून आमची जीभ सुटली.

"बैला, डोळे फुटले का तुझे?"

आणि घण पडला, बरोबर.

"अक्के, हात काढ आधी, मग तोंड चालव!"

आणि भात उलटला, बरोबर.

"माझा मुळा कोणी उपटला?" धप्‌. "कडू होता!" "मग गिळलास कशाला?" धप्‌. "तुझ्या पोटात जाऊ नये म्हणून!" "टकल्या!" धप्‌. "कजाग!"

ऐसा तुंबळ संग्राम जाहला. सर्व आयुष्याचा दारूगोळा आम्हीं खर्चीं घातला, आणि एकही शब्द तालाबाहेर पडला नाहीं, आणि भात रेशमासारिखा ताणला जाऊं लागला. बायामाणसें कुंपणावर गोळा जाहलीं. हिमुरोंस तोंड आहे, हें त्यांस नवें.

मग गोळा फडक्यांत बांधून चिनात्सुचे पाठीस दिला. ती थोडी चालली, आणि मग मागें ओढली जाऊन बुडावर बसली, आणि ऐसा टाहो फोडिला कीं ऐसा आवाज आमचे कुळांत पूर्वीं कोणीं काढिला नाहीं. मिझुहो हंसतां हंसतां डोळे पुशीत म्हणाली, "नवीन वर्षाला चौघंही येतो. कुटून ठेवा."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. उखळाची कड जायबंदी, गोळा सलामत, पणतीचें येणें कायम. मग आम्हीं आपले हात धुऊन उजेडांत धरून पाहिले, आणि घण पुशीत बसलेल्या बंधूंस, मधें कुत्रें न घेतां, सर्वांदेखत निवाडा ऐकविला:

"साकिची, एवढा घण चालवलास आणि माझ्या एका बोटाला खरचटलंसुद्धा नाही! हा कसला रे द्वेष तुझा? कुळाचं नाव घालवलंस."