दाजी मेस्त्रींच्या गाडीचं नाक

दाजी मेस्त्री माणसाचं तोंड पाहत नसत, नाक पाहत. मी आचऱ्याच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्याभोवती एक फेरी मारून हा गृहस्थ म्हणाला, "मास्तरानू, तुमची डावी नाकपुडी बंद आसा."

मी श्वास ओढून पाहिला. खरंच बंद होती. मला त्यांचा भयंकर राग आला.

गावातल्या बैलांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांची अशी तपासणी झालेली होती. "नाक मोकळा तर सगळा मोकळा," हे दाजींचं ब्रीद. दुसरं वैशिष्ट्य म्हणजे हा माणूस बसत नसे. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने. देवळाच्या बैठकीत सगळे मानकरी मांडी घालून बसलेले आणि दाजी खांबाभोवती घिरट्या घालताहेत, याची देवालाही सवय झाली असावी. मधेच बोट वर करून म्हणायचे, "गप!" मान तिरकी करून काहीतरी ऐकायचे आणि चर्चा अर्धवट टाकून घराकडे चालू लागायचे. घर देवळाला लागूनच होतं. "दाजी गेलो, गाडयेक भेटूक गेलो," असं म्हणून मंडळी हसायची. मीही हसायचो.

त्यांचं घराणं होड्या बांधणारं. त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या दोन होड्या तेव्हाही देवबागला मासे धरायला जात होत्या. घराण्यात दाजी एकटेच मोटारीच्या नादी लागले. त्यांची मोटारही जगावेगळी. कुणा सरदाराने शर्यतीसाठी म्हणून आणलेली, लांब नाकाडाची परदेशी गाडी. सरदारांचा उत्साह संपल्यावर ती गोठ्यात पडली होती. तिथून दाजींनी तिला बैल जुंपून घरी आणलं. सपाटीला ती अशी सुटायची की रस्त्यावरच्या कोंबड्या थेट कौलांवर जायच्या. घाट लागला की मात्र गुदमरायची.

आणि घाट चढणं भाग होतं. दाजींच्या बायकोला, रुक्मिणीवैनींना, जुना दमा होता. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांचं औषध लागू पडेल असं सगळे सांगत होते. तीनदा दोघं निघाली आणि तीनही वेळा फोंडाघाटात अर्ध्यावर, एका किंजळाच्या झाडाखाली, गाडी बंद पडली. पेट्रोलच्या वासाने वैनींची छाती भरून यायची आणि दाजी गाडी उताराला लावून परत आणायचे. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने जावं, तर तिच्यात विड्यांचा धूर.

"इंजिनाक कायएक झाला नाय," दाजी सांगायचे. "गाडयेचा नाक बारीक आसा. घाटात तिका दम पुरणा नाय."

त्यांचा भाचा मोठ्या बोटीवर नोकरीला होता. त्याला पत्रं घालघालून दाजींनी कुठल्याशा परक्या बंदरातून नवं नाक मागवलं. त्याचं खरं नाव म्यानिफोल्ड. हवा आणि पेट्रोल इंजिनात नेणारी ही नळ्यांची फणी. गाडीची मूळची फणी एका तोंडाची, ही दोन तोंडांची. म्हणजे हवेत पेट्रोल कालवणारे कार्बोरेटर दोन, दुसरा भाच्याने सोबतच धाडलेला, आणि श्वास दुप्पट. मालवण बंदरात ती उतरली तेव्हा दाजींनी ती तान्ह्या पोरासारखी पंचात गुंडाळून आणली आणि वाटेत भेटेल त्याला पंचा उघडून दाखवली.

त्याच सुमारास देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली. आमच्या आचऱ्याची ही जुनी रीत. तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी गाव रिकामं करायचं आणि वेशीबाहेर रानात झोपड्या घालून राहायचं. बाकीच्यांना ती मजाच. पण मार्गशीर्षातलं दव वैनींना सोसणारं नव्हतं. मागच्या गावपळणीत त्या जेमतेम वाचल्या होत्या. गाव सोडायच्या सकाळी गाडी कोल्हापूरची वाट धरणार, असं दाजींनी जाहीर केलं आणि त्यांचा पाय जमिनीवर ठरेना.

जुनं नाक निघालं. नवं बसेना, कारण भोकं जुळत नव्हती. दाजी तीन दिवस कानस घेऊन उभे. शेवटी जुळलं. आता इंजिन आणि नाक यांच्या सांध्यातून बाहेरची हवा आत जाता कामा नये. तिथे दाजींचं रक्त बोललं. होडीच्या फळ्यांत ठासतात तसा राळ आणि तेल कालवलेला कापूस त्यांनी त्या सांध्यात ठासला.

"होडयेत पाणी शिरणा नाय, मगे हेच्यात वारो कसो शिरतलो?"

मी मान डोलावली. मी भूगोल शिकवायचो.

गाडी देवळापुढे आणून गावकारांनी, म्हणजे गावाच्या मुख्य मानकऱ्यांनी, गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेच्या नाकात जा काय अडाकला आसात, ता दूर कर म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

गाडी गरजली. दाजींनी विजयी मुद्रेने सगळ्यांच्या नाकांकडे पाहिलं. थोड्याच वेळात इंजिन तापलं आणि देवळात धूप जाळावा तसा सुगंध सुटला. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग सांध्यातून राळ ठिबकू लागली, शिट्टी वाजू लागली आणि गाडी आचके देत थंड झाली. गावपळण परवावर आली होती.

आम्ही गाडी ढकलत घरी नेली. वैनी ओट्यावर, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या छातीतली घरघर अंगणात ऐकू येत होती.

"राळ... पाण्यातली," त्या एकेक शब्द ओढत म्हणाल्या. "चुलीर ठेवलात तर... टिकात काय ती?"

दाजींनी कपाळावर हात मारला. "माझ्या बापाशीच्या होडयेक इंजिन खंय होता!"

तापाला टिकेल असा जाड पुठ्ठा हवा होता. मी शाळेत गेलो आणि जुन्या हजेरीपटाचं कव्हर फाडून आणलं. दाजींनी ते कापून, तेलात भिजवून सांध्यात बसवलं. त्या हजेरीपटाला वाळवी लागल्याची माझ्या अक्षरातली नोंद शाळेत आजही सापडेल.

गाव रिकामं झालं त्या सकाळी आम्ही निघालो. शाळा बंद, म्हणून धक्का मारायला मी मागच्या सीटवर. निदान गाडी चालवताना हा माणूस बसत असेल, अशी माझी समजूत होती. तेही नाही. सीटला नुसता टेकलेला.

घाट लागला. वैनींनी पदर नाकाशी धरलेला. मी इंजिनाचे ठोके मोजत होतो. तो किंजळ आला. दाजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी अशी ओरडत वर गेली की झाडावरची माकडं पांगली. मी मागे वळून पाहतो तर किंजळ खाली राहिला होता!

घाटमाथ्यावर पोचताच मात्र दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी वैतागलो. "आता काय बिघडलं?"

"गप!" बोट वर, मान तिरकी. "मास्तरानू, आयकलात?"

"इंजिन बंद आहे, दाजी. काय ऐकू?"

"ताच तर! काय आयकाक येणा नाय."

तेव्हा माझं लक्ष वैनींकडे गेलं. पदर मांडीवर पडला होता आणि कोरड्या वाऱ्यात त्या शांत झोपल्या होत्या. निघाल्यापासून माझ्या कानाशी असलेली ती घरघर थांबली होती. इतकी वर्षं हा माणूस देवळात बोट वर करून घराकडचं काय ऐकत होता ते मला कळलं, आणि माझ्या हसण्याची मला लाज वाटली.

दाजी रस्त्याकडेच्या दगडापाशी गेले आणि बसले. चक्क मांडी घालून. उशीर झाला तर डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून निघून जातील, हे मला दिसत होतं, पण सांगायचं धाडस झालं नाही.

थोड्या वेळाने वैनींना जाग आली. त्यांनी समोर पाहिलं आणि दचकून दाराला हात घातला.

"अवो, काय झाला? तुमी बसलात कशाक?"

"काय नाय गो," दाजी म्हणाले. "तू नीज."