नाव नसलेली भांडी

मांजरेकरकाकूंच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं. भांडीवाल्याने "नाव घालून देऊ?" म्हणत मशीन उचललं, की काकू त्याच्या हातातून भांडं काढूनच घ्यायच्या. नाव घातलं की भांडं अडकलं, पुढे कुणाला देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

घाटकोपरला आमची दारं शेजारी-शेजारी. काकूंच्या पलंगाखाली तीन ट्रंका होत्या: लग्नाची, मुंजीची आणि बारशाची. आलेला आहेर त्याच दिवशी आपापल्या ट्रंकेत जायचा आणि कुणाचं आमंत्रण आलं की तिथूनच बाहेर पडायचा. कुणाकडून आला त्याची चिठ्ठी आत असायचीच, म्हणजे ज्याचं त्यालाच जायला नको. "घरात आहे ना, मग बाजार कशाला?" हे काकूंचं पालुपद. या बचतीतून त्यांनी बिल्डिंगमधला पहिला रंगीत टीव्ही घेतला, आणि तो बघायला आम्ही सगळे त्यांच्याच चटईवर.

'डबल' हा शब्द त्या शिवीसारखा उच्चारायच्या. काकांनी एकदा न विचारता कात्री आणली. काकूंनी पहिली कात्री खिळ्यावरून काढून दाखवली आणि काकांना चहासुद्धा न देता दुकानात परत पाठवलं.

एकदा मात्र त्यांची वाट लागली. त्यांनी पुतणीच्या लग्नात दिलेला तांब्या पाच घरं फिरून काकांच्या एकसष्टीला त्यांच्याच घरी आला. बुडाच्या पोच्यावरून काकूंनी तो ओळखला. आम्ही पोट धरून हसत होतो.

"हसा मेल्यांनो," तांब्या पदराने पुसत काकू म्हणाल्या. "माहेरी आलाय बिचारा."

काकूंना मूलबाळ नव्हतं. मी ऑफिसला गेले की माझी अनू दिवसभर त्यांच्याकडेच. पलंगाखालून ओढलेल्या ट्रंकेवर बसून त्यांच्या हातचा दहीभात खाणार, माझ्या हातचा नाही. त्यामुळे बोरिवलीला आमचा ब्लॉक झाला तेव्हा मला आनंदापेक्षा घोरच जास्त लागला. ही बाई अनूशिवाय राहणार कशी? काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, छान झालं, पण तिकडे भिंतीतली कपाटं आधी करून घे, पसारा वाढतो.

निघायच्या दिवशी त्यांनी अनूच्या हातात एक वाटी ठेवली. कोरी करकरीत, चक्क दुकानातून आणलेली. आणि तिच्यावर नाव होतं: कु. अनघा. मला भरून आलं. ते लपवायला मी थट्टा केली, "काकू, नाव घातलंत? आता ही पुढे कशी जाणार?"

"नाहीच जायची," काकू म्हणाल्या.

माझी नजर त्यांच्या मांडणीवर गेली. तिथे अगदी तशीच दुसरी वाटी होती. तिच्यावरही अनूचंच नाव.

मी काही बोलायच्या आत काकूंनी तोंड फिरवलं.

"ती इथली," त्या म्हणाल्या. "पोरगी आली की जेवेल कशात?"