रिकाम्या जागांची पाहणी

वीस हजारांच्या वरचा मदरबोर्ड गिऱ्हाइकाचं घर स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्याकडे राहायला जात नाही, हे रमाकांत खटावकरांना ठाऊक होतं. पाहणीला आल्यावर त्याला बसवायचं कुठे, एवढंच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या ओळखीत असा प्रसंग कोणावर आला नव्हता. बिल्डिंगमध्ये तीन कॉम्प्युटर होते, पण सगळे साध्या बोर्डांचे. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी. साध्या बोर्डाला कोणी काही विचारत नाही. त्याला पिशवीत घालून आणतात, चार स्क्रू मारतात आणि तोही बिचारा मुकाट्याने पंधरा वर्षं सोसायटीच्या नोटिसा टाइप करून देतो. महागड्या बोर्डाच्या कोपऱ्यात मात्र दोन आकडे दाखवणारी लाल पट्टी असते. म्हणजे त्याला मत मांडता येतं, आणि ज्याला मत मांडता येतं त्याचं मत घ्यावं लागतं.

खटावकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्यात या वयाची माणसं सकाळी फिरायला जातात, संध्याकाळी कट्ट्यावर बसून फिरायला न येणाऱ्यांबद्दल बोलतात. अशा माणसाला गेमिंगचा कॉम्प्युटर कशाला हवा, हा प्रश्न कट्ट्यावर दोनदा चर्चेला येऊन गेला होता. त्याचं उत्तर खटावकरांनी तिथे दिलं नाही.

उत्तर ऋचा होतं. एकुलती एक मुलगी, अकरा वर्षं कॅनडात. फोनवर तिचं आणि बापाचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. बरं, आईला देतो. तीन वर्षांपूर्वी तिने त्यांना एक खेळ शिकवला. चार जणांची तुकडी, हातात भाले, डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्यापर्यंत पायी जायचं. साताऱ्यात रविवारी सकाळचे आठ वाजले की तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ असे. दोघं आपापल्या पडद्यासमोर बसून त्या जंगलात दीड दीड तास लाकडं गोळा करत. आणि लाकडं गोळा करताना माणूस बोलतो. तिचा गुडघा दुखतो, तिचा साहेब खडूस आहे, तिला मधूनच सगळं सोडून यावंसं वाटतं, हे सगळं खटावकरांना लाकडं गोळा करतानाच कळलं होतं.

मग तुकडी झुलत्या पुलापाशी आली. पूल, खालचं धुकं, वरचा पाऊस, एवढं सगळं खटावकरांच्या जुन्या कॉम्प्युटरला पेलेना. पुलावर पाऊल ठेवलं की एक पाय हवेत आणि खटावकर जागच्या जागी थिजलेले. सलग तीन रविवार तुकडी पुलाच्या अलीकडे त्यांच्यासाठी खोळंबली. चौथ्या रविवारी ऋचा म्हणाली, "बाबा, असं करू या का? तू आता नुसता बघ. मी माझा स्क्रीन तुला दाखवते. चौथ्या जागेवर माझ्या ऑफिसातला एक जण यायला तयार आहे."

खटावकरांना ते फार लागलं. नोकरीत त्यांच्या जागेवर दोनदा दुसऱ्या माणसाला बसवलं होतं, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "जागा भरू नकोस."

सोमवारी ते बगलेत फाइल मारून सुहास भोईटेच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. फाइलमध्ये चौदा मदरबोर्डांचा तुलनात्मक तक्ता होता, लाल शाईने अधोरेखित केलेला. सुहास पस्तिशीचा, सरळ माणूस. त्याने तक्ता वाचला आणि सांगितलं, "काका, एक पूल ओलांडायचाय ना? मग मधला बोर्ड बास झाला. प्रोसेसर बसतो ते सॉकेट जुळलं की झालं, बाकी सगळं निभावून नेता येतं."

"आणि पुढे दुसरा पूल आला तर?"

सुहासने वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. खोक्यावर तलवार, वीज आणि एक वटारलेला डोळा होता. मग त्याने टेबलाच्या खणातून 'घरभेट व पाहणी, नमुना ब' हा अर्ज काढला आणि आवाज खाली आणला.

"हे एकदा कराडला जाऊन आलेत. आठ दिवसांत परत आले. तेव्हापासून जरा बारकाईने बघतात."

सुहास साध्या बोर्डाला 'तो' म्हणे आणि याला 'हे'. खटावकरांनी अर्ज तीन प्रतींत भरला. पाहणी गुरुवारी दुपारी चार वाजता ठरली.

घरी त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी पहिला प्रश्न विचारला, "पोहे किती जणांचे करू?"

"पोहे नाहीत. सूचनेत स्पष्ट लिहिलंय. वाफ चालत नाही."

"घर बघायला येणार आणि पोहे नाहीत? लोक काय म्हणतील?"

"अगं, लोक नाहीत, मदरबोर्ड आहे."

"मग तर चांगलंच करायला हवं. पहिल्यांदाच येतोय," असं म्हणून कुंदाताईंनी कोरडा म्हणून चिवडा केला. गुरुवारी दिवाणखान्यातला टीपॉय ओढून सोफ्याशेजारी आणला आणि त्यावर दोन जाड शब्दकोश ठेवले, म्हणजे पाहुणा बाकीच्यांपेक्षा खाली बसायला नको. बसवण्याचा प्रश्न असा सुटला.

चारला पाच मिनिटं असताना सुहास आला. त्याने मदरबोर्ड शब्दकोशांवर टेकवला, सोबत आणलेली छोटी बॅटरी जोडली आणि मांडीवर आकड्यांच्या अर्थाची पुस्तिका उघडली. बोर्ड काळाकुळकुळीत, घडणीने भक्कम, आणि कडेने निळा-जांभळा उजेड. खटावकर नमस्कारासाठी हात जोडणार, एवढ्यात कुंदाताईंनी पुढे होऊन त्याला हळदकुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. त्यांचंही चुकलं नाही. या घरात मिक्सर आला, स्कूटर आली, गॅसची नवी शेगडी आली, कोणी बिनहळदकुंकवाचं आत आलं नव्हतं.

उजेड एकदम विझला. पट्टीवर आकडा उमटला.

"चौदा," सुहासने पान उलटलं. "'अंगावर पूड'. काकू, काय केलंत हे!"

"शकुनाचं आहे हो ते."

मग पुन्हा आकडा बदलला. "सत्तावीस. 'मेमरीच्या खाचेत परकी वस्तू'." सुहासने चिमट्याने तांदळाचा दाणा बाहेर काढला, ब्रशने कुंकू झटकलं आणि अर्जावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एक दाणा, तांदूळ, काढला.' खटावकरांनी तिथे सही केली. कागद नीट भरला जातोय याचं त्यांना तशातही बरं वाटलं.

थोड्या वेळाने निळा उजेड परतला आणि रीतसर प्रश्न सुरू झाले. आर्थिंग आहे का? आहे, दाखला जोडलाय. उदबत्ती कुठे लावता? स्वयंपाकघरात, दार ओढून. व्होल्टेज? बरं, म्हणजे बरं असतं तेव्हा. कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करणार का? खटावकरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आयुष्यभराची पत्रं सरकारने त्यांच्याकडून आधीच करून घेतली आहेत. यावर आकडा बराच वेळ उमटला नाही. सुहासच्या मते हे चांगलं लक्षण होतं.

नंतर बोर्डाने घर पाहायची इच्छा दाखवली. सुहासने तो दोन्ही हातांवर घेऊन दिवाणखान्यात फिरवला. टीव्हीवर कापडी झाकण, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या मुठीला मोजा, सोफ्यावर अभ्रे आणि अभ्र्यांवर चादरी. घरात उघडं असं भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं होतं.

"बावन्न," सुहास म्हणाला. "'आच्छादनाबाबत खुलासा करावा'. म्हणजे यांना झाकणार का?"

खटावकर "छे छे" म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात कुंदाताई म्हणाल्या, "झाकणार. धूळ बसते."

"काकू, अंगावरचे दिवे दिसावेत म्हणूनच लोक एवढा महाग बोर्ड घेतात. बोर्ड ज्या पेटीत बसतो त्या कॅबिनेटलासुद्धा काच आहे."

"मग काच झाकू. दिवे आतल्या आत लागू देत की! मी कुठे नको म्हणतेय?"

खटावकरांनी डोळे मिटून घेतले. सुहासने खुलासा जसाच्या तसा लिहून घेतला, कारण नियमच तसा होता. आणि मग सगळ्यांत मोठा आकडा आला.

"एकसष्ट." सुहासचा आवाज पडला. "काका, हाच तो. कराडला याच्यावरच फिसकटलं. 'रिकाम्या जागांचा तपशील द्यावा'. यांच्यावर एकूण अकरा जागा आहेत. मेमरीच्या चार, साठवणीच्या पाच, मोठ्या कार्डांच्या दोन. तुमच्याकडे बसायला किती आहेत?"

खटावकरांनी फाइल उघडली. मेमरीच्या दोन पट्ट्या, साठवणीचा एक तुकडा, एक ग्राफिक्स कार्ड. "चार," ते म्हणाले.

"सात रिकाम्या."

"पुढेमागे भरू."

"कराडचे साहेबही हेच म्हणाले होते." सुहास संकोचाने म्हणाला, "यांचं म्हणणं असं असतं की भरायच्या नव्हत्या तर एवढ्या जागांचा बोर्ड घेतलात कशाला? आणि काका, खरं सांगायचं तर कोणीच भरत नाही. जागा आहेत एवढं दहा जणांना सांगायला घेतात."

तीस वर्षं खटावकरांनी लोकांच्या अर्जांवर 'अपुरी कारणे' असा शेरा मारला होता. आज आपल्याच अर्जाचं कारण अपुरं आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. रविवारी आठ वाजता ऋचाच्या शेजारी तो ऑफिसातला माणूस भाला घेऊन उभा राहणार, आणि आपण इथे चहा पीत ते बघणार. त्यांचा चेहरा उतरला.

सुहासने बोर्ड खोक्यात ठेवण्यासाठी वळवला. वळवताना तो पॅसेजमधल्या बंद दारासमोर आला आणि आकडा उमटला.

"अठ्ठ्याऐंशी. 'न दाखवलेली खोली'."

"ती नाही दाखवत आम्ही कोणाला," खटावकर म्हणाले.

"अहो, दाखवायला काय झालं? स्वच्छच आहे," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली.

ऋचाची खोली होती. पलंगावर इस्त्रीची चादर, टेबलावर टोकं काढलेल्या पेन्सिली, शाळेतली तीन पदकं, खिडकीत तुळशीच्या जातीचं काहीतरी. कशावरही झाकण नव्हतं. सुहासने टेबलावर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. पट्टीवर एकामागून एक आकडे येऊ लागले आणि सुहास पुस्तिकेतून वाचून विचारू लागला.

"इथे कोण राहतं?"

"कोणी नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"भाड्याने का दिली नाही?"

"तिची आहे म्हणून."

"इथे झाकण का नाही?"

"झाकलं की माणूस पुसायचं सोडून देतं. बाहेरचं मला रोज पुसायला होत नाही, म्हणून ते झाकते. ही रोज पुसते."

"वापरात नाही, तर रोज कशाला पुसता?"

कुंदाताईंनी सुहासकडे न बघता बोर्डाकडेच बघत उत्तर दिलं. "वापरात नाही म्हणूनच. कोणी राहत असतं तर आपलं आपण पुसलं असतं. रिकाम्या जागेला दुसरं कोण आहे?"

खटावकरांनी बायकोकडे पाहिलं. त्या रोज या खोलीत पंधरा मिनिटं काय करतात, हे अकरा वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं फडकी वाळत घालतात.

पट्टी विझली. सुहासने बॅटरीची वायर हलवून पाहिली. मग दोन आकडे उमटले आणि स्थिर राहिले.

"शून्य शून्य," त्याने पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "'आणखी प्रश्न नाहीत'." त्याने अर्जावर शिक्का मारला. दोनच अटी लिहून घेतल्या गेल्या: सातही जागा रोज पुसल्या जाव्यात, आणि राहण्याची सोय याच खोलीत व्हावी. कुंदाताईंनी अटी मान्य केल्या आणि सुहासपुढे चिवड्याची बशी सरकवली.

शनिवारी जोडणी झाली. रविवारी सकाळी सातला कुंदाताईंनी टेबल पुसलं, पेन्सिली पुसल्या, मग कॅबिनेटची काच उघडून बारीक ब्रशने सात रिकाम्या जागा एकेक करून पुसल्या. आठ वाजता खटावकर लेकीच्या खुर्चीत बसले.

पुलावर पाऊल पडलं. दुसरं पडलं. पाऊस, धुकं, दहा हजार फळ्या, सगळं हललं आणि त्याच्यासोबत खटावकरही हलले.

"बाबा! तू चालतोयस!" कानात ऋचा ओरडली.

"मग काय तर! ये मागोमाग."

ते पैलतीराला पोचले आणि मागे वळले. ऋचा पुलाच्या मध्यावर उभी होती, एक पाय हवेत. कानातला आवाज तुटला. तिचा बोर्ड साधा होता. घाईत घेतलेला, घर न पाहताच आलेला. तुकडीतले बाकीचे दोघं पूल ओलांडून आले, थोडं थांबले, इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि किल्ल्याच्या वाटेने निघून गेले. जाताना त्यांनी खटावकरांना खूण केली, चला.

खटावकरांनी भाला जमिनीत रोवला आणि तिथेच बसकण मारली.

"काय हो, अडकलं का पुन्हा?" कुंदाताई दारातून म्हणाल्या.

"नाही. ऋचा यायचीय अजून."

कुंदाताईंनी पलंगाच्या कडेची चादर सारखी केली आणि त्यावर बसल्या. कॅबिनेटच्या काचेआड लाल पट्टीवर शून्य शून्य दिसत होतं. पुलावर पाऊस चालू होता, आणि तिघं जण तिची वाट बघत बसले.