भेसळीचा अंधार

घाटनांदूरच्या मेन रोडवर विजेच्या दिव्यांचं एक दुकान आहे, जिथं मालकच गिऱ्हाइकाला दिवा घेऊ नका म्हणून समजावतो. मालकाचं नाव मन्मथअप्पा. माझ्या सख्ख्या बहिणीचा, महानंदाक्काचा नवरा, म्हणजे माझे दाजी. तेव्हा मी त्यांच्याबद्दल जे काही सांगणार आहे ते ऐकीव नाही, सोसलेलं आहे.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अप्पा, अंगणात लावायला चांगला मोठा फोकस द्या." दुसरा कुणी दुकानदार असता तर हसत उठून खोकं उघडलं असतं. आमचे दाजी चष्मा कपाळावर ढकलतात.

"कावून पायजे एवढा?"

"उजेडाला की."

"अंगणात काय सुई हरवली काय तुमची? नऊ वॅटचा न्या. दारात बायको उभी हाय का म्हैस, एवढं कळलं म्हंजे बास."

गिऱ्हाईक तणतणत समोरच्या दुकानात जातं. ते दुकान नवीन झालं तेव्हा दाजी नारळ घेऊन तिथं गेले होते, आणि त्या पोरालाही दिवे जरा बारीकच विक म्हणून सांगून आले. त्या पोराला वाटलं, अप्पाच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी त्याला म्हटलं, बाबा, तुला आज कळलं, आम्हाला लग्नात कळलं.

माझ्याच लग्नातली गोष्ट. वरात ऐन रंगात आलेली, बँड जोरात, मी घोड्यावर. एकाएकी झपकन सगळा अंधार. जनरेटर बंद! घोडं बिचकलं, दोन पायांवर उभं राहिलं, आणि मी त्याच्या मानेला मिठी मारून, फेटा डोळ्यावर आलेला, "दाजी, दाजी" म्हणून ओरडतोय. आणि दाजी जनरेटरपाशी उभे राहून वऱ्हाडाला सांगतायत, "मंडळी, दोनच मिनिटं. तो बघा गुरू. चला, असा स्वच्छ गुरू परत न्हाई दिसायचा." माझ्या लग्नाच्या व्हिडिओत त्या जागी दोन मिनिटं नुसतं काळं आहे आणि आतून माझा आवाज येतो. बायको अजून तेवढंच परत परत लावून हसते.

तर दाजींना तारे बघायचा नाद आहे. साधा नाही, लई वाईट नाद. दुर्बीण त्यांनी स्वतः बनवलीय. आतला आरसा पुण्याहून मागवलेला, बाहेरची नळी बोअरच्या केसिंग पायपाची, आणि खालचा फिरता स्टँड गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला. गावात तिला तोफ म्हणतात. ही तोफ मोटारसायकलवर बसत नाही. ती बसते माझ्या व्हॅनमध्ये, मागचं सीट काढलं की. हीच माझी सगळी पात्रता. मला तारे कळत नाहीत, मला झोप कळते. पण व्हॅन माझी आहे आणि बहीण त्यांना दिलेली आहे, मग करता काय?

सुरुवातीला हे प्रकरण घराच्या गच्चीवर भागत होतं. रात्री लाइट गेली की अख्खं गाव शिव्या घालायचं आणि दाजी लेकरासारखे जिना चढायचे. पुढं लाइट जाणं कमी झालं आणि दाजी बेजार झाले. मग आम्ही गावाबाहेरच्या मळ्यात जायला लागलो. तिथं शेजाऱ्यानं विहिरीवर हॅलोजन लावला. मग एका टेकडीवरच्या महादेवापाशी गेलो, तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिथं उंच खांब रोवला, वर सहा दिवे. मग तेलगावच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात गेलो. तिथं रस्त्यावर धाबे झाले, त्यांच्या रंगीत माळा लुकलुकायला लागल्या. मग डोंगर धरला, तर डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लाल दिवा.

दर ठिकाणी दाजी गाडीतून उतरायचे, मान वर करायचे आणि कापसाचा व्यापारी बोंड चुरगाळून बघतो तसं हवेत बोटं चोळून निकाल द्यायचे.

"ह्यात भेसळ हाय."

"दाजी, मला माझा हात दिसंना, आणि कसली भेसळ?"

"उगवतीला बघ, तांबूस हाय. भेसळीचा अंधार हाय हा. चल फुडं."

असं फुडं फुडं करत आम्ही अंबाजोगाई सोडली, केज सोडलं, नेकनूरही मागं टाकलं आणि डोंगराच्या कुशीतल्या एका माळावर जाऊन थांबलो. घरापासून ऐंशी किलोमीटर. दाजी उतरले. मान वर केली. हवेत बोटं चोळली. मग म्हणाले, "एक नंबर." आणि टोपी काढली. देवळात काढत नाहीत ते.

आता ह्यात एक घोटाळा आहे तो ध्यानात घ्या. तारे बघायला चंद्र चालत नाही. म्हणजे जायचं अमावस्येला. टॉर्चचा पांढरा उजेड डोळ्यांना चालत नाही म्हणून तिच्यावर आक्काच्या ओटीतलं लाल ब्लाउजपीस बांधलेलं. घाटात मला मळमळतं म्हणून आक्कानं माझ्या खिशात लिंबं घातलेली. अमावस्येची रात्र, लाल उजेड, खिशात लिंबं, आणि माळावर दोन अनोळखी माणसं जमिनीत खुंट्या ठोकतायत. तुम्हीच सांगा, बघणाऱ्याला काय वाटंल?

तेच वाटलं. पहिल्याच रात्री तीन कुत्री आणि त्यांच्या मागून काठी घेतलेली एक म्हातारी अंगावर आली. ही गयाबाई. मेंढरंवाली. माळाच्या कडेला तिचं छप्पर आणि जाळीचं कुंपण घालून केलेली मेंढरांची वाघूर.

"गुप्तधन काढायला आलात व्हय रे मुडद्यांनो! हलायचं न्हाई जागचं!"

मी दोन्ही हात वर केले, तर खिशातनं लिंबं पडली. झालं! कुत्र्यांनाही पटलं की आम्हीच ते.

दाजी मात्र काठीखाली शांत उभे. म्हणाले, "मावशी, मारायचंच तर मारा, पण आधी ह्या नळीत एकडाव बघा." आणि त्या बाईनं, काठी न सोडता, एक डोळा लावला. आत गुरू होता आणि त्याच्या बाजूला रांगेत चार चंद्र.

"आगं बया," ती म्हणाली, "चार कोकरं हायेत की वो ह्याच्यापाशी!"

तिथून पुढं काठी खाली आली ती आलीच. आकाशातलं तिला आमच्याहून जास्त ठाऊक. दाजी सप्तर्षी म्हणायचे, ती म्हणायची बाजलं आणि तीन चोर. दाजी मृगाचा पट्टा दाखवायचे, ती म्हणायची, "तिकांडं व्हय! त्याच्यावर तर आमी वखत बघतो." पावसाळा सोडला तर दर अमावस्येला आम्ही जायचो आणि दर अमावस्येला ती वाटेवर उभी असायची. "आलात का अप्पा? लई उशीर केला." मग तीन दगडांच्या चुलीवर बिनदुधाचा चहा. चुलीत जाळ असेल तर आम्हाला बघून ती त्यावर राख ओढायची. अशी अकरा वर्षं गेली.

अकरा वर्षांत दाजींनी किती जणांना चला म्हणून सांगितलं असेल! शाळेच्या मास्तरांना, डॉक्टरांना, भजनी मंडळाला. पुढच्या खेपेला नक्की म्हणायचे सगळे. खुद्द आक्का एकदाच आली, आणि थंडी वाजते म्हणून गाडीत झोपली. मी तर कायमच झोपलेला. ऐंशी किलोमीटरवर एक बाई होती, जी नळीला डोळा लावून "आता हे काय वो?" म्हणून विचारायची. दाजींना अंधार हवा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांना तो प्रश्नही तेवढाच हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

यंदाच्या येळवशीची गोष्ट. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. दाजींनी दुपारीच गयाबाईसाठी डबा भरून घेतला, शेंगा-भाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, किटलीत आंबील. पावसाळा लांबल्यानं कितीतरी महिने जाणं झालं नव्हतं. वाटेत दाजी चक्क गुणगुणत होते.

माळावर पोचलो तर वाटेवर कुणी नाही. दाजींनी तोफ उभी केली, दोनदा हाक मारली. तेव्हा छपरातून गयाबाईची सून आली, रुक्मिण. तिनं डबा घेतला पण हसली नाही.

"मावशी कुठं हाय?"

"वाघरीच्या मागं बसल्यात काठी घिऊन. पंधरा दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. लांडगं लागलंय. तीन कोकरं नेली."

"अरारा! मग दिवा लावायचा की एखादा! उजेड असला की लांडगं बिचकतंय. मला सांगायचं, मी दिव्याचंच दुकान घालून बसलोय."

रुक्मिणीनं त्यांच्याकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो.

"दिवा हाय. मालकांनी दोन सालाखाली आणलाय, सोलरचा. खोक्यात पडलाय. आत्याबाई लावू देत न्हाईत." मग तिनं बोलूनच टाकलं. "अप्पा लई लांबून येतेत म्हणतेत. एकडाव लागला की मग अमुशालाबी कुणी मालवायचं न्हाई, त्यांचा अंधार नासंल म्हणतेत. तुमच्या अंधारापायी गेली आमची कोकरं."

दाजी कानाखाली बसल्यासारखे उभे होते. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. खरं होतं ते.

मग दाजींनी तोफ खोलायला घेतली. मी म्हटलं, "दाजी, आता उभी केलीय तर जरा बघून तरी..." ते म्हणाले, "गप बे." आणि रुक्मिणीला म्हणाले, "ते खोकं आण."

लाल टॉर्चमध्ये त्यांनी दिवा उघडला. दोन वर्षं पडून बॅटरी मेलेली. त्यांनी दिवा बाजूला ठेवला आणि सरळ वाघरीच्या मागं गेले. गयाबाई घोंगडी पांघरून बसली होती. दाजींनी तिच्या हातातली काठी घेतली.

"मावशी, आत जा. झोपा."

"आवं पण अप्पा, आज तर लई स्वच्छ हाय आभाळ. तुमी बघा की. मी हाय हितं."

"जा म्हणतो न्हवं मी!"

इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. तिनंही नाही. ती घोंगडी गोळा करून आत गेली.

रात्रभर दाजी वाघरीभोवती फिरत राहिले. मीही फिरलो, पहिल्यांदाच झोपलो नाही, हे कुठंतरी लिहून ठेवा. आणि वर, काय सांगू तुम्हाला, मला काही कळत नसतानासुद्धा, वर असं आभाळ होतं की माझीच मान खाली होईना. दाजींनी मात्र एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाकडं गेलो आणि संध्याकाळच्या आत परत आलो. दाजींनी दुकानातला सगळ्यात मोठा सोलर फोकस आणला होता, जो विकत घेऊ नका म्हणून ते गिऱ्हाइकाच्या पाया पडायचे तो. खांब त्यांनी स्वतः रोवला. मी म्हटलं, "वरनं पत्र्याचा आडोसा करू, उजेड खालीच पडंल, आपलंही काम होईल." तर म्हणाले, "नगं. लांडग्याला डोंगरावरनं दिसला पायजे." दिवस बुडाला, दिवा लागला, आणि सगळा माळ पांढरा झाला. गयाबाई दारात उभी राहून रडायला लागली.

"आता तुमी कशाला येताल अप्पा?"

दाजी पकडी-पाने पिशवीत भरत होते. ते म्हणाले, "येईन की." पण तिच्याकडं न बघता.

मला वाटलं, संपलं आता. पुढच्या अमावस्येला मी गुमान जेवून अंथरूण घातलं, तर दारात दाजी. "शिवराज, गाडी काढ." तोफ बरोबर नव्हती.

"कुठं? नवीन जागा बघितली का?"

"न्हाई. तिथंच."

"दाजी, तिथं आता लग्नाच्या मांडवासारखा उजेड आहे. दुर्बीणही घेतली नाही तुम्ही."

"एक दिवा तर बघायचाय. त्याला दुर्बीण कशाला?"

मी सगळ्या रस्त्यानं बडबडत गेलो. नेकनूर मागं पडलं, घाट चढलो, आणि शेवटच्या वळणावर दाजींनी गाडी थांबवायला लावली. हेडलाइट बंद करायला लावले. समोर दोन-तीनशे पावलांवर तो दिवा ढळढळीत जळत होता.

"तुझी नजर चांगली हाय. काठी घिऊन कुणी फिरतंय का बघ."

मी नीट बघितलं. वाघरीच्या कडेला कुत्री पाय पसरून पडलेली. बाकी काही हालचाल नाही.

"कुणी नाही दाजी."

"झोपली म्हण."

"झोपली."

हाताची घडी घालून ते तसेच उभे राहिले, पाव तास, जास्तच असेल. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांना प्रेमानं कधी बोललो नव्हतो तसं बोललो. "दाजी, जाऊन तर येऊ. एवढ्या लांब आलोय. तुम्हाला बघून खूश होईल ती. चहा पिऊ आणि निघू."

"नगं," दाजी गाडीकडं वळत म्हणाले. "आपण गेलो की उठून बसंल ती. आन आधी दिवा मालवंल."